आठ काठ्यांचे आसन

या मंडपात आपण ज्या खुर्च्यांवर बसला आहात त्या लोखंडी आणि घडीच्या आहेत. व्याख्यान संपले की मंडपवाल्याची चार पोरे येतील, खटाखट त्या मिटवतील आणि टेम्पोत रचून घेऊन जातील. आमचा या वस्तूशी जुना परिचय. कामगारांच्या सभा भरवण्यात आमचे आयुष्य गेले, आणि सभेला माणसे किती जमली हे आम्ही टाळ्यांवरून नव्हे, तर किती खुर्च्या उघडाव्या लागल्या त्यावरून मोजत आलो. तेव्हा आजच्या विषयावर बोलण्याचा आमचा अधिकार एवढाच, असे कोणी म्हटले तर आम्ही वाद घालणार नाही.

विषय आहे चीनमधील कठीण लाकडाची जुनी घडीची स्टुले आणि ती जमवणारी माणसे. कॉलेजात जाऊन इतिहास शिकण्याचा योग आम्हाला आला नाही. नगर वाचनालयात एका सचित्र ग्रंथात अशा एका स्टुलाचे छायाचित्र पाहिले आणि मग त्याच्या मागे लागलो. वस्तू दिसायला अगदी साधी. वर दोन आडव्या काठ्या, खाली जमिनीवर दोन, आणि त्यांना जोडणारे, मध्यावर एकमेकांना छेदणारे चार पाय. एकूण आठ काठ्या. वरच्या दोन काठ्यांमध्ये दोरीची वीण. उघडले की आसन, मिटवले की काखेत. यापेक्षा कमी साहित्यात माणसाला जमिनीवरून उचलून बसवणे अवघड आहे.

ही युक्ती चीनची नव्हे. इजिप्तमध्ये ती फार जुनी. १९२२ साली तूतनखामेनची कबर उघडली तेव्हा तीतही घडीचे स्टूल निघाले. रोमचे न्यायाधिकारी अशाच कातरीच्या आसनावर बसत. चीनमध्ये ते पश्चिमेकडून, वाळवंटाच्या वाटेने, घोडेस्वार टोळ्यांबरोबर आले. म्हणून त्याचे नाव पडले हू-च्वांग. हू म्हणजे उत्तर-पश्चिमेचे परके लोक, आपल्याकडे यवन म्हणत त्यातला प्रकार. च्वांग म्हणजे बैठक. यवनासन म्हणा हवे तर. हान घराण्याचा लिंग सम्राट (कारकीर्द इ. स. १६८ ते १८९) याला परक्यांच्या सगळ्याच गोष्टींचे वेड होते. त्यांचे कपडे, त्यांचे तंबू, त्यांचे खाणे, त्यांची बासरी, त्यांचा नाच, आणि त्यांची ही बैठक. राजधानीतल्या बड्या घराण्यांनी लगेच री ओढली. इतिहासकारांनी या नादाची नोंद अपशकुन म्हणून केली आहे, कारण पुढे लवकरच परक्या सैनिकांसह सेनापती राजधानीत घुसले. स्टुलावर बसल्याने राज्य बुडते असे मानणारे इतिहासकार सर्वच देशांत असतात.

तोवर चिनी माणूस जमिनीवर बसे. चटई, तिच्यावर गुडघे मोडून बसणे, पुढे ठेंगणे मेज. आपल्या पाटाच्या आणि जाजमाच्या संस्कृतीला हे समजावून सांगायला नको. पाय लोंबते सोडून बसणे हे त्यांच्या दृष्टीने असभ्यपणाचे होते. पण ते सोयीचे होते, विशेषतः स्वारीवर. इ. स. २११ साली त्साव-त्साव हा सेनानी तोंगच्या खिंडीजवळ पीत नदी ओलांडत असता मा चाव याच्या फौजेने त्याला गाठले. बाण येऊ लागले तरी हा आपला घडीच्या स्टुलावर बसून. अखेर त्याच्या सरदारांनीच त्याला घाईघाईने नावेत घातले. चरित्रकार ही गोष्ट त्याच्या धैर्याचा नमुना म्हणून सांगतात. आमच्या मनात मात्र भलताच प्रश्न आला. ते स्टूल तिथवर वाहून कोणी नेले, आणि धनी नावेत चढल्यावर ते मिटवून त्याच्या मागे कोण धावला?

हा प्रश्न खोडसाळ नाही. बोस्टनच्या संग्रहालयात अकराव्या शतकातील एक चित्रपट आहे. इ. स. ५५६ मध्ये उत्तर छी दरबारात पंडितमंडळी ग्रंथ तपासत बसली होती, त्या प्रसंगाचे हे चित्र. त्यात एक विद्वान घडीच्या स्टुलावर बसून लिहितो आहे, आणि एक नोकर पोरगा दुसऱ्या एका विद्वानाच्या बुटाशी खटपट करतो आहे. लिहिणाऱ्याचे त्याच्याकडे लक्षही नाही. घडीच्या आसनाचा जुना इतिहास असा आहे: ते चालत्या माणसाचे आसन, पण बसणारा एक आणि वाहणारा दुसरा.

सुई घराण्याच्या यांग सम्राटाला (कारकीर्द ६०४ ते ६१८) परक्यांचा इतका संशय की त्याने शब्दही शुद्ध करून घेतले. ‘परकी बैठक’ जाऊन ‘कातरीची बैठक’ आली. त्याच हुकमाखाली काकडीचे ‘परके फळ’ हे नावही गेले आणि ती ‘पिवळे फळ’ झाली. चीनमध्ये काकडीला आजही तेच म्हणतात. भाषाशुद्धीचे असे खटाटोप आपणही पाहिले आहेत. पुढे या स्टुलाला पाठ आली, हात आले, आणि घडीची खुर्ची तयार झाली. शिकारीला, प्रवासाला, मिरवणुकीला निघालेल्या अधिकाऱ्यामागे ती नोकराच्या खांद्यावरून जाई. जिथे उघडेल तिथे दरबार. म्हणून चिनी भाषेत ‘पहिल्या घडीच्या खुर्चीवर बसणे’ म्हणजे पुढारी होणे. लियांगशानच्या १०८ बंडखोरांच्या प्रसिद्ध कथेत टोळीतला मान याच खुर्च्यांच्या क्रमाने ठरतो. आपण गादीवर बसणे म्हणतो, त्यांनी खुर्ची म्हटले. आता आपणही खुर्चीच म्हणू लागलो आहोत, ते निराळे.

येथवरचा काळ साध्या लाकडाचा. संग्राहक ज्यांच्यासाठी जीव टाकतात ती कठीण लाकडाची स्टुले सोळाव्या-सतराव्या शतकांतली, म्हणजे मिंग घराण्याच्या उत्तरकाळातली आणि त्यानंतरच्या काही पिढ्यांतली. १५६७ साली मिंग सरकारने खासगी समुद्रव्यापारावरील बंदी उठवली आणि दक्षिणेकडून कठीण, जड, सुंदर रेषांचे लाकूड मोठ्या प्रमाणावर येऊ लागले. त्यात मुख्य दोन. एक ह्वांगह्वाली, हैनान बेटावरचे. मधासारखा रंग, मंद सुवास, आणि वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने आपल्या शिसवीची चुलत बहीण. दुसरे झितान, जांभळट काळे, पाण्यात बुडणारे. या दुसऱ्याकडे आम्ही शेवटी परत येणार आहोत, कारण त्याचे घर आपल्यापासून फार दूर नाही.

हे लाकूड येताच काय झाले ते सध्याच्या शांघायजवळच्या सुंगज्यांग गावच्या फान लिएन नावाच्या गृहस्थाने १५९०च्या सुमारास लिहून ठेवले आहे. त्याच्या लहानपणी गावात अशा बारीक कारागिरीच्या वस्तू कोणी पाहिल्याही नव्हत्या. मग दोन-चार रसिकांनी सूचौहून त्या आणल्या, पाठोपाठ सगळ्यांना त्या हव्या झाल्या. ह्वेचौकडचे सुतार येऊन गावात दुकाने थाटू लागले. श्रीमंतांना साधी लाकडे हलकी वाटू लागली. इथवर ठीक, पण गृहस्थाचे खरे दुःख पुढे आहे. कचेरीतले शिपाईसुद्धा घरात एक कोपरा फळ्यांनी सजवतात, कुंडीत मासे ठेवतात, चांगले मेज मांडतात आणि त्याला अभ्यासिका म्हणतात. हे शिपाई वाचतात तरी कोणते पुस्तक, असे तो विचारतो. आम्ही हे वाचले तेव्हा प्रथम हसू आले आणि मग थोडे लागले. अभ्यासिका नसताना वाचणाऱ्यांपैकी आम्ही एक. शिपायाच्या घरचे मेज पाहून ज्याचा जीव असा वरखाली होतो, त्याला त्या मेजाचे सौंदर्य दिसले असेल असे वाटत नाही.

या घसरणीला बांध घालण्यासाठी अभिरुचीचे नियम निघाले. सूचौच्या वेन झेनहेंगने (१५८५–१६४५) ‘फालतू वस्तूंविषयी’ अशा अर्थाच्या नावाचा एक ग्रंथ लिहिला. त्यात घडीच्या स्टुलाला त्याने दोन ओळी दिल्या आहेत. गोल लाकडाचे, चांदी जडवलेले, चांदीच्या बिजागरीचे असेल तर डोंगरात फिरायला किंवा नावेत न्यायला उत्तम. सोनेरी रोगणाचे असेल तर ते गावंढळ, वापरू नये. संपला निकाल. आजचे संग्राहक या दोन ओळींचे पाईक आहेत. वेनचा शेवट मात्र कोणाला हसू येईल असा नव्हता. मांचूंनी सूचौ घेतल्यावर त्याने अन्न सोडले आणि प्राण दिला. फालतू वस्तूंविषयी लिहिणारा माणूस फालतू नसतो, हे आम्हाला इथे कळले.

आता ते बनवणाऱ्यांकडे वळू. मिंग राजवटीत कारागीर ही वंशपरंपरागत सरकारी नोंद होती. बापाच्या नावापुढे सुतार लागले की मुलाच्या नावापुढेही लागले. बहुतेकांना ठरावीक वर्षांनी, आपल्या खर्चाने, राजधानीला जाऊन तीन महिने फुकट राबावे लागे. आपल्याकडे याला वेठ म्हणत. लोक पळून जात, आजारी पडत, काम बिघडवत. संप हा शब्द त्यांना ठाऊक नव्हता, पण संपाचा अर्धा भाग ते करतच होते. १४८५ पासून वेठीऐवजी चांदी भरण्याची मुभा मिळाली, १५६२ पासून चांदीच भरायची असे ठरले, आणि १६४५ मध्ये नव्या मांचू राजवटीने कारागिरांची ही नोंदच रद्द केली. आता हे साल समुद्रबंदी उठल्याच्या सालाशेजारी ठेवून पाहा. १५६२ ला हात मोकळे झाले, १५६७ ला लाकूड आले. जगातल्या सर्वांत सुंदर लाकूडकामांपैकी एक त्यानंतरच्या शंभर वर्षांत झाले. कलेचे इतिहासकार यात रसिकांची अभिरुची पाहतात. अभिरुची होतीच, पण वेठीवरचा सुतार असले काम करत नसतो, हे आम्ही आमच्या धंद्यातल्या अनुभवाने सांगतो.

काम कसे, त्याचा एक बारकावा सांगतो. वाचनालयात उतरवून घेतलेले चित्र आम्ही एकदा वखारीतल्या एका वयस्क सुताराला दाखवले. त्याने ते बराच वेळ पाहिले. किंमत विचारली नाही, साल विचारले नाही. पायांच्या मध्यावर बोट ठेवून म्हणाला, “भाऊ, इथं रंधा थांबवलाय बघा. खिळा पोटातनं जायचाय ना.” आम्ही पुन्हा पाहिले. खरेच, पाय वरपासून खालपर्यंत गोल, पण जिथे दोन पाय एकमेकांना छेदतात आणि लोखंडी खिळा आरपार जातो, तेवढाच तुकडा चौकोनी ठेवलेला. गोल केला असता तर भोकाच्या दोन्ही बाजूंना लाकूड कमी उरले असते आणि माणूस बसताच पाय चिरला असता. पुढे पेकिंगच्या एका मोठ्या अभ्यासकाच्या ग्रंथात हीच गोष्ट आम्हाला आढळली. पण त्याआधी ती आम्हाला वखारीत कळली होती.

त्या अभ्यासकाचे नाव वांग शीश्यांग (१९१४–२००९). त्यांच्याआधी गुस्ताव एके या जर्मन प्राध्यापकाने पेकिंगमध्ये या सामानाचा अभ्यास करून, यांग याव या चिनी सहकाऱ्याच्या मोजून काढलेल्या रेखाचित्रांसह १९४४ साली ग्रंथ काढला होता. युद्धाचे दिवस, शहर जपान्यांच्या ताब्यात, प्रती फक्त २००. परदेशी संग्राहकांनी त्या सुमारास पुष्कळ सामान बाहेर नेले. चीनमध्ये मात्र ते जुने अडगळीचे लाकूड होते. वांगनी १९५७ साली एका नियतकालिकात हाक दिली की हे थांबवा, कारण जुनी मेजे आणि खुर्च्या फोडून त्यांचे मणिगणकाचे मणी आणि तराजूच्या दांड्या होत होत्या.

ते स्वतः सायकलीवरून वस्त्यावस्त्यांत हिंडून, परवडेल ते, बहुधा मोडके, विकत घेत. पैसे थोडेच. १९५२ मध्ये भ्रष्टाचारविरोधी मोहिमेत त्यांना खोट्या आरोपावरून दहा महिने कोंडले होते. आरोप टिकला नाही, पण संग्रहालयातली नोकरी गेली. १९५७ मध्ये ते उजवे ठरले. आम्ही ज्या चळवळीत वाढलो तिच्यातल्या कित्येकांना हा भाग ऐकायला आवडत नाही. आम्हालाही आवडला नाही. पण तो घडला आहे, आणि तो गाळून या विषयावर बोलणे म्हणजे तुमची फसवणूक.

वांगचे मित्र आणि प्रतिस्पर्धी छन मंगज्या, मूळचे कवी, नंतर प्राचीन अस्थिलेखांचे पंडित. त्यांच्याकडे पैसे अधिक, म्हणून सामानही अधिक चांगले. आपल्या खुर्च्यांवर कोणी बसू नये म्हणून ते हातांना लाल दोरी बांधून ठेवीत. वांग येत, आणि मुद्दाम बसत. या थट्टेमागे दोन मते आहेत. एकाला वस्तू जपायची होती, दुसऱ्याला ती बसून कळत होती. १९६६ च्या सप्टेंबरात, सांस्कृतिक क्रांतीच्या छळाने, छननी आत्महत्या केली. त्यांच्या पत्नी झाव लुओरुई व्हिटमनच्या अनुवादक; त्या मानसिक आघातातून सावरल्या आणि दीर्घकाळ जगल्या. छनचे सामान पुढे शांघायच्या संग्रहालयात गेले. वांगनी त्याच वर्षी एक शहाणपण केले. लाल रक्षक येऊन मोडतोड करण्याआधी त्यांनी स्वतःच पुराणवस्तू खात्याला बोलावून आपले सामान जप्त करायला लावले. ते वाचले आणि काही वर्षांनी परत मिळाले. पण तोवर त्यांच्या वाड्यात इतर कुटुंबे राहायला आली होती. सामान एकावर एक रचलेले, माणसांना जागा नाही. १९७६ च्या भूकंपानंतर हे पतिपत्नी एका जुन्या प्रचंड कपाटाच्या पोटात झोपत असत.

या माणसाबद्दल आमच्या मनात आदर आहे तो दुसऱ्याच कारणाने. पेकिंगमध्ये लू-पान वाडा म्हणून जागा होती. लू-पान हा चिनी सुतारांचा विश्वकर्मा, आणि वाडा म्हणजे त्यांच्या पंचायतीचे ठिकाण. आजूबाजूला जुने सामान दुरुस्त करणाऱ्यांची दुकाने. वांग तिथल्या म्हाताऱ्या कारागिरांजवळ बसत आणि प्रत्येक खाचेला, प्रत्येक कंगोऱ्याला, प्रत्येक काठीला काय म्हणतात ते विचारीत. शी ह्वी, त्सू लिएनफंग अशा कारागिरांची नावे त्यांनी नोंदवून ठेवली आहेत. ग्रंथातली रेखाचित्रे पत्नी युआन छुआनयू यांनी काढली. १९८५ मध्ये मोठा ग्रंथ निघाला आणि शेकडो सुतारी शब्द, जे तोवर फक्त तोंडात होते, कागदावर आले. एके यांनी वस्तू मोजली, वांगनी वस्तूची भाषा विचारली. तीनशे वर्षांपूर्वीच्या स्टुलांवर करणाऱ्याची सही सापडत नाही. मिंग काळातला ख्वाय श्यांगसारखा एखादा सुतार नावानिशी आठवला जातो, तोही बांधकाम खात्याच्या उपमंत्रिपदापर्यंत चढला म्हणून. बाकीच्यांचे जे उरले ते हे शब्द.

१९९३ साली वांगनी आपला ७९ वस्तूंचा संग्रह शांघाय संग्रहालयाकडे जाईल अशी व्यवस्था केली. हाँगकाँगच्या एका उद्योगी कुटुंबाने तो विकत घेऊन संग्रहालयाला दिला. किंमत बाजाराच्या मानाने फारच कमी. वांगची अट एवढीच की संग्रह फुटू नये आणि देशाबाहेर जाऊ नये. मिळालेल्या पैशात त्यांनी राहायला घर घेतले.

त्यानंतर बाजार सुटला. २०१५ साली न्यूयॉर्कमध्ये रॉबर्ट एल्सवर्थ या प्रसिद्ध संग्राहकाच्या चार ह्वांगह्वाली खुर्च्या ९६ लाख ८५ हजार डॉलरला गेल्या. अंदाज होता ८ ते १२ लाखांचा. २०२२ मध्ये हाँगकाँगला घडीची एक खुर्ची १२ कोटी हाँगकाँग डॉलरांच्या वर गेली. घडीच्या वस्तूंना एवढा भाव येण्याचे कारण त्या टिकत नाहीत हेच. ज्या वस्तूचे काम उघडणे, मिटणे आणि वाहून नेले जाणे, तिचा खिळा झिजतो, पाय फाटतो, वीण कुजते. दोरीची मूळची बैठक सहसा उरतच नाही. संग्रहालयात आपण पाहतो ती बहुधा नव्याने विणलेली असते.

भावाचा दुसरा परिणाम जंगलावर झाला. जुने सामान न परवडणाऱ्या नव्या श्रीमंतांना नवे, पण त्याच लाकडाचे सामान हवे झाले. लाकूड वजनावर विकले जाऊ लागले. कारागिरी मोफत आणि लाकूड सोन्याच्या भावाने, असा उलटा हिशेब. हैनानचे मोठे वृक्ष जवळजवळ संपले. आणि झितान? चीनच्या २००० सालच्या प्रमाणपत्रकात झितान म्हणून जी एकच जात मान्य केली आहे, ती म्हणजे आपले रक्तचंदन. ते निसर्गतः वाढते आंध्रात, तिरुपतीच्या आसपासच्या शेषाचलम डोंगरांत आणि कडप्पा, कर्नूल, नेल्लोरच्या रानांत. १९९५ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत. तरी चोरटी तोड थांबली नाही, कारण समुद्रापलीकडचा भाव थांबला नाही.

७ एप्रिल २०१५ ला पहाटे शेषाचलमच्या रानात रक्तचंदनविरोधी पथकाच्या गोळीबारात २० जण ठार झाले. कुऱ्हाड चालवायला आलेली तमिळनाडूच्या डोंगराळ भागातली, तिरुवण्णामलै, धर्मपुरीकडची गरीब माणसे. आपल्यावर हल्ला झाला म्हणून गोळी झाडली, असे पोलिसांनी सांगितले; मानवी हक्क कार्यकर्त्यांनी ते मानले नाही, आणि राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने आपणहून दखल घेतली. वर सांगितलेला न्यूयॉर्कचा लिलाव झाला तो मार्चमध्ये. दोन गोष्टींत तीन आठवड्यांचे अंतर आहे. त्या खुर्च्यांसाठी कोणी शेषाचलममध्ये झाड तोडले नव्हते. त्यांचे लाकूडही वेगळे, आणि ते तीन-चारशे वर्षांपूर्वीच तोडलेले. पण पुण्या-मुंबईच्या वखारीत काम केलेला कोणताही माणूस तुम्हाला सांगेल की वरच्या मजल्यावर ठरलेला भाव रानापर्यंत पोहोचायला रस्ता लागत नाही.

राहिले ते मूळचे स्टूल. उत्तर चीनमध्ये ते आजही रोजच्या वापरात आहे. त्याला मा-चा म्हणतात. आपल्या माच्याशी संबंध नाही, उच्चाराचा योगायोग. हलक्या लाकडाचे, वर पट्ट्या किंवा दोरी, तेच आठ तुकडे. पेकिंगच्या गल्ल्यांत म्हातारे त्यावर बसून बुद्धिबळ खेळतात, सैनिक कवायतीनंतर ओळीने मांडून त्यावर बसतात. ते कोणी जमवत नाही. वीण तुटली की बसणाराच ती पुन्हा ओवून घेतो.